डाव्या पायाचं मधलं नख

४ ऑक्टोबर

श्रीयुत लेखक महाशय यांस,

तुमच्या संपादकबाईंचा जाड लिफाफा पोचला. मी बरी आहे, गुडघे सोडून. खालच्या तुझ्या दोन खोल्यांना कुलूप आहे, ओल आलेली नाही. मागचं आंब्याचं झाड उभं आहे. पत्रात आधी खुशाली लिहायची असते म्हणून लिहिली. झाली लिहून.

दोन वर्षांत तुला बहिणीला एक ओळ लिहावीशी वाटली नाही. मुलाकडे जाऊन राहिलास, तोही फोनवर "बाबा बरे आहेत" एवढं म्हणून फोन ठेवतो. आणि आता काय आलं, तर एक टाइप केलेला कागद. "मी, लेखकाची थोरली बहीण, असे प्रमाणित करते की आमच्या परसातील झाडावर सलग अकरा हंगाम घरटे करणारा शिक्रा नर हा एकच पक्षी होता आणि त्याच्या डाव्या पायाच्या मधल्या बोटाचे नख नसल्याचे मी दरवर्षी स्वतः दुर्बिणीतून पाहिले आहे." खाली रेघ. रेघेशेजारी पेन्सिलीने मारलेली फुली, म्हातारीला सही कुठे करायची ते कळावं म्हणून. फुली तुझीच, ओळखली मी. शाळेत पोरांच्या गणिताच्या वह्यांवर अशाच मारायचास.

सोबत तुझी चिठ्ठी. "ताई, सही करून लगेच पाठव, छपाई अडली आहे." मी कशी आहे, गुडघे कसे आहेत, एक अक्षर नाही. वाचून अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्या सभागृहातलं तुला आठवत नसेल. बोलणाऱ्याला आठवत नाहीच. तीनशे माणसं होती. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, नवीन चपला घालून, भावाचं भाषण ऐकायला. तू म्हणालास, "आमच्या घरात दोन पक्षीवेडे. माझी बहीण संग्रहालयात पक्ष्यांत पेंढा भरते. तिला पक्षी मेल्याशिवाय दिसतच नाही." सगळे हसले. तू पण हसलास. माझ्या शेजारच्या माणसाने हसता हसता माझ्याकडे बघितलं, कारण त्याला माहीत नव्हतं की ती बाई मीच.

एकतीस वर्षांत मी पेंढ्याची एक काडी वापरलेली नाही. कापूस, तार आणि भुसा. सख्ख्या भावाला एवढंही माहीत नसावं!

संपादकबाईंनी दोन प्रकरणं वाचायला पाठवली, ती वाचली. पान चौतीसवर मादीचे डोळे "लालबुंद" केलेस. नराचे लाल असतात. मादीचे पिवळे, फार तर नारिंगी. मी अशी चूक केली असती तर मला संग्रहालयातून हाकलून दिलं असतं. मादी नराहून मोठी असते हे लिहायचंही विसरलास, आणि पिल्लांच्या छातीवर आडव्या रेघा दाखवल्यास. पिल्लांना छातीवर थेंबांसारखे उभे ठिपके असतात, आडव्या रेघा मोठेपणी येतात. अकरा वर्षं काय बघत होतास कोण जाणे!

सही मी करणार नाही. का, ते विचारू नकोस.

मेलेल्या पक्ष्यांची बाई


११ ऑक्टोबर

धाकट्या,

तुझं पत्र आलं. चार पानं! रागावल्यावर का होईना, तुला लिहिता येतं म्हणायचं. माझी तब्येत विचारली नाहीस, तरी सांगते, डाव्या गुडघ्याला आता पट्टा बांधते.

मत्सर म्हणतोस. "ताई, तुला आयुष्यभर मेलेल्यांत राहावं लागलं, म्हणून माझं जिवंत काम तुला बघवत नाही." वा! नाकाने कांदे सोलायची सवय गेली नाही तुझी. ठीक आहे. मग जिवंत काम कुणी कसं केलं, तेच बोलू.

खालच्या गॅलरीत खुर्ची टाकून, वही मांडीवर घेऊन बसायचास तू. वरच्या खिडकीत तिपाईवर मोठी दुर्बीण लावून उभी असायचे मी. घरटं वरूनच दिसायचं. सकाळी संग्रहालयात जायच्या आधी दोन तास, आल्यावर दोन तास, सुट्टीला दिवसभर. मी वरून ओरडायचे, तू खाली लिहायचास. "आला! पंजात सरडा!" "किती वाजले?" "घड्याळ तुझ्या हातात आहे ना रे!" त्यावर आपण दोघं हसायचो. बघायचे मी आणि लिहायचास तू, असंच काम चालायचं आपलं. पुस्तकात "मी पाहिले" असं दोनशे वेळा असेल, मी मोजायला बसले नाही.

पहिल्या वर्षी नख गेलं ते मात्र तू स्वतः पाहिलंस, तेव्हा तुझे डोळे चांगले होते. कुंपणाजवळ तो उंदरावर उतरला आणि उंदराने उलटून बोट धरलं. पेराचं टोक नखासकट गेलं, ते पुन्हा येत नाही. आठवडाभर तो एका पायावर बसून होता. त्याही अवस्थेत मादीला खाऊ आणत होता. तू म्हणालास, बायको असावी तर अशी आणि नवरा असावा तर असा. तुझी बायको आतून म्हणाली, "हो का? मग झाडावरच जाऊन राहा." अजून कानात आहे ते माझ्या.

पुढे ती गेली. चौथा हंगाम. साधं ऑपरेशन म्हणून चालत हॉस्पिटलात गेली आणि परत आली नाही. त्यानंतरचे दोन महिने तुला आठवत नाहीत, मला आठवतात. दाढी करत नव्हतास. तिची शाल पांघरून गॅलरीत बसायचास. समोर ठेवलेलं ताट तसंच परत जायचं. मान वर व्हायची ती फक्त एका आवाजाने, टी-टू, टी-टू. तो शिकार घेऊन लांबच्या फांदीवर बसून हाक मारायचा आणि ती घरट्यातून उठून त्याच्या पंजातून घेऊन जायची. तो कधी पिल्लांना स्वतः भरवत नसे, आणायचं काम त्याचं आणि भरवायचं तिचं. तेवढं बघून झालं की तू दोन घास खायचास. मी डोळ्यांत तेल घालून झाडाकडे बघायचे ते पक्ष्यासाठी नव्हे, तुझ्या त्या दोन घासांसाठी.

पाचव्या वर्षापासून तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन म्हटलं की ताटावरून उठायचास. हॉस्पिटलचं नाव काढायची सोय नव्हती. मग दर वर्षी नवा हंगाम सुरू झाला की गॅलरीतून हाक यायची, "ताई, बघ ना, तोच आहे का?"

मी बघायचे आणि सांगायचे, "तोच आहे."

सात वर्षं, सात वेळा. आता नीट ऐक. सातही वेळा नख होतं.

झालं लिहून. पाचव्या वर्षी आलेला नर तरणा होता, दोन्ही पायांची सगळी नखं शाबूत. आठव्या वर्षी आणखी वेगळा आला, त्याच्या गळ्यावरची मधली रेघ जास्त गडद होती. एवढासा पक्षी अकरा वर्षं एका झाडाला धरून राहिला, हे तुझ्या पुस्तकातलं सगळ्यात मोठं वाक्य आहे ना? त्यावरच तुला भाषणाला बोलावतात ना? ते खोटं आहे. मी रचलेलं आहे.

पहिल्यांदा तुझी दया आली म्हणून बोलले, हे मान्य. त्या वर्षी "तो नाही" म्हणायची माझी छातीच झाली नाही. पण सातव्या वर्षी वर्तमानपत्रात आलं, अर्धं पान, तुझा दुर्बीण घेतलेला फोटो. माझी दुर्बीण! आणि लेखात माझा उल्लेख कुठे, तर "घरच्यांचे सहकार्य". त्या दिवसानंतर मी दयेने बोलत नव्हते, धाकट्या. म्हटलं, चढ. अजून एक फांदी चढ. वरून ओरडताना मला बरं वाटायचं. आता म्हण मत्सर, मी नाही म्हणणार नाही.

जुना कुठे गेला ते मला विचारू नकोस. पक्षी येतात, जातात. संपादकबाईंना तूच कळव, मी कळवणार नाही.

घरच्यांपैकी एक


१८ ऑक्टोबर, गुरुवार

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

तुझा मुलगा काल स्वतः येऊन पत्र देऊन गेला. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. आजोबांसारखा दिसायला लागलाय. तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन मागच्याच वर्षी झालं, दोन्ही डोळे स्वच्छ झाले, हे मला त्याच्याकडून कळलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. बरं वाटलं ऐकून. बापलेक दोघांचाही राग आला, तरी बरं वाटलं.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. "सात वर्षं खरं बोललीस आणि आता सूड म्हणून खोटं बोलतेस. जुना गेला असेल तर कधी गेला, कसा गेला, ते सांग. तुला सांगता येणार नाही, कारण तो गेलाच नाही. सोमवारी पुस्तक छपाईला जातंय, तुझ्या सहीशिवाय जाईल."

सांगता येणार नाही असं लिहायला नको होतंस. मला सांगता येतं. मिनिटापर्यंत सांगता येतं. नऊ वर्षं मूग गिळून बसले ते फक्त याच एका गोष्टीसाठी, बाकीचं सगळं तिच्या मागून आलं.

चौथा हंगाम, तुझी बायको जाऊन सात आठवडे झाले होते. घरट्यात चार पिल्लं. संग्रहालयात माझ्या खोलीला रंग काढत होते म्हणून मी काम घरी आणलं होतं. एक बुलबुल करत होते. खूप चांगला जमला होता, मी माझ्या तोंडाने सांगते. मान किंचित तिरकी, एक पंख अर्धवट उचललेला, आता उडतो की मग उडतो असा. पिसं नीट सुकायला ऊन लागतं म्हणून मी तो खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर ठेवला. काच बंद केली, वाऱ्याने पिसं विस्कटू नयेत म्हणून. आदल्याच दिवशी पुसून लख्ख केली होती, तुझ्यासाठी, दुर्बिणीतून नीट दिसावं म्हणून. एकतीस वर्षांच्या कामात एवढी मोठी चूक मी कधी केली नव्हती. समोर शिक्र्याचं घरटं आहे हे सगळ्या जगात मलाच सगळ्यात जास्त माहीत होतं, आणि मीच त्याच्या वाटेत आमिष ठेवलं.

सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. तो आंब्यातून निघाला. कसा निघतो तुला माहीत आहे, पानांत गप्प बसून असतो आणि एकदम खाली, जमिनीलगत येऊन शेवटी वर उसळतो. मी हातात चिमटा घेऊन बघत होते. मला वाटलं, किती सुंदर येतोय. आणि काचेवर धप्प.

तू खालून ओरडलास, "ताई, काय पडलं गं?"

मी म्हणाले, "इस्त्री."

हे पहिलं खोटं. नख वगैरे सगळं नंतरचं.

बाहेरच्या पत्र्यावरून मी त्याला उचलून आत घेतलं. ऊन ऊन होता. मान मोडली होती, रक्ताचा थेंब नाही. डावा पाय पाहिला, मधलं बोट तोकडं. आता पुढचं ऐक आणि मला हवं ते म्हण. आमच्या कामात डोळ्याचा रंग पहिल्या दहा मिनिटांत टिपून ठेवावा लागतो, नंतर तो विझतो आणि मग कितीही आठवलं तरी खरा रंग सापडत नाही. मी रडले नाही. मी कपाटातून काचेच्या डोळ्यांची पेटी काढली आणि मांडीवर त्याला घेऊन एकेक लाल डोळा त्याच्या डोळ्याशेजारी धरून बघत बसले. हा जास्त शेंदरी, हा जास्त काळपट. खाली तू घसा खाकरत होतास. तुझी मान वर असणार, त्याच्या हाकेची वाट बघत. मला सगळं कळत होतं आणि मी रंग जुळवत होते. मेल्याशिवाय पक्षी दिसत नाही म्हणालास ना? त्या दिवसापुरतं ते खरं होतं. म्हणून तर सभागृहात एवढं लागलं.

आणखी एक लिहिते, म्हणजे काही उरायला नको. त्याला हातात धरून बसले असताना मनात एक विचार येऊन गेला. आजपर्यंत कितीतरी साहेबांनी माझं काम बघून "छान, छान" म्हटलं. पण खरी दाद मिळाली ती याचीच. त्याने माझा बुलबुल जिवंत समजला. एका क्षणासाठी मला गर्व वाटला, त्याचं कलेवर मांडीवर असताना. त्या गर्वाची मला जेवढी लाज वाटते, तेवढी खोटं बोलल्याचीही वाटत नाही.

दुपारी तू जिना चढून वर आलास. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मी त्याला टॉवेलात गुंडाळून कपाटात सारलं होतं. शाल खांद्यावरून घसरली होती तुझी. "ताई, आज आवाज आला नाही. आला का तो?" डोळे कसे झाले होते तुझे, बाप रे! मी म्हणाले, "आला की! तुझा डोळा लागला होता. पाल घेऊन आला होता." तू म्हणालास, "बरं झालं." आणि खाली जाऊन जेवलास.

मग रोज आणावं लागलं. हाक का येत नाही विचारलंस की म्हणायचे, आता पलीकडच्या फांदीवर गुपचूप आणून देतो. सरडे, चिमण्या, एकदा खारीचं पिल्लू. चौथ्या हंगामातलं ते "नराने आणलेली शिकार" कोष्टक तुझ्या पुस्तकात सगळ्यात देखणं आहे ना? ते मी खिडकीत उभं राहून तोंडाने रचलंय. खरं काय झालं ते लिहून घे. मादी एकटीने शिकार करायला लागली. ती घरटं सोडून गेली की कावळे यायचे. चारातली दोन पिल्लं त्यांनी नेली, मी बघत होते, मी खिडकीतून ताटली वाजवून हाकललं, पण किती हाकलणार? तू विचारलंस, "ताटली का वाजवतेस?" मी म्हणाले, "मांजर आलं." उरलेली दोन मात्र तिने वाढवली. दिवस दिवस शिकार, ओरडायला जोडीदार नाही, तरी वाढवली. तुझ्या अकरा वर्षांच्या नराहून मोठी गोष्ट तीच होती, आणि ती माझ्या खोटेपणामुळे तुझ्या वहीत आलीच नाही. त्याबद्दल माफी मागायची झाली तर मी तिची मागेन. तुझी मागावी की नाही, हे माझं अजून ठरत नाही. मला तुझा राग येतो. आजही येतो. तू खाली नाहीस म्हणून वरून ओरडायला कुणी नाही, त्याचा तर सगळ्यात जास्त येतो.

सोबतचा पत्र्याचा डबा तुझ्याच मुलाच्या हाती देते आहे. आज मी त्याला पुन्हा बोलावून थांबवून ठेवलंय, जिन्यात बसलाय, चहा मात्र घेतलान. डबा हळू उघड. वरचा कापूस आधी काढ, शेपटीला हात लावू नको, पिसं कोरडी झाली आहेत. संग्रहालयाला मी हा दिला नाही. आयुष्यात घरी ठेवलेला हा एकच. पण आमच्याकडे पायाला चिठ्ठी बांधल्याशिवाय पक्षी ठेवत नाहीत, म्हणून त्याच दिवशी बांधली. तारीख आहे, वेळ आहे, ठिकाण, नर की मादी, मृत्यूचं कारण. तोंडाने कितीही खोटं बोलले असेन, चिठ्ठीवर मी कधी खोटं लिहिलेलं नाही. तुला माझी सही हवी होती. ती तिथे आहे, नऊ वर्षांपूर्वीची.

तुझा टाइप केलेला कागद डब्याच्या तळाशी घातलाय, फुलीसकट, कोरा. सोमवारला चार दिवस आहेत. संपादकबाईंना काय सांगायचं, पुस्तक थांबवायचं की जाऊ द्यायचं, डबा जाळायचा की ठेवायचा, ते तुझं तू बघ. मी कुणाला काही बोलणार नाही. फक्त मला एक हवंय. इतकी वर्षं मी बघत आले आणि तू विचारत आलास. आता तुझे डोळे चांगले आहेत. खिडकीशी जा, उजेडात धर, डाव्या पायाचं मधलं बोट बघ आणि या खेपेला तू मला सांग.

तोच आहे का?

तुझी,
ताई